टोचण्याआधी

वॉर्डात नव्या मुलींना मी बावीस वर्षं हेच शिकवते:
सुई लपवायची नाही,
दंड हातात घ्यायचा आणि म्हणायचं,
आता थोडं दुखेल.
न सांगता टोचलं की माणूस हात आखडतो.
मग शीर सापडत नाही दिवसभर.

घरी मात्र शाल्मलीला कळलं
फ्रीजवर चुंबकाखाली लावलेल्या
गॅस कनेक्शन बदलल्याच्या पावतीवरून.
नवा पत्ता: तिसरा मजला, फोंडा.
दहावीची परीक्षा होईपर्यंत बोलायचं नाही
असं आमचं ठरलं होतं.
आमचं म्हणजे माझं आणि ह्यांचं.
ती काही बोलली नाही.
पावती परत लावली फक्त, उलटी,
कोरी बाजू आमच्याकडे.

सोहन बोलला. तीन दिवस बोलत होता.
तिथल्या संघाला गोलकीपर आहे, आई.
चांगला आहे. मी विचारलंय.
मी रात्रपाळी सांगितली, चुकलेल्या फेऱ्या सांगितल्या,
रायबंदरच्या धक्क्यावर पायरीला टेकून
पलीकडचं चोडण बघत काढलेल्या पहाटा सांगितल्या.
तो म्हणाला, मग तू जा.
तेराव्या वर्षी हे वाक्य
किती सहज येतं तोंडात.

उशीर झालाच होता, तरी पहिल्यापासून सुरू केलं.
रविवारी दोघांना घेऊन फेरी, बस, दुसरी बस.
रिकाम्या फ्लॅटची किल्ली शाल्मलीच्या हातात दिली,
वर मोजपट्टी.
दुखेल, म्हटलं. किती दिवस ते मला माहीत नाही.
तिने खिडकी मोजली, दार मोजलं,
तळहातावर आकडे लिहिले,
आणि लहान खोली मागितली,
मोठीत दोन पंखे असूनही.
सोहन गच्चीवर मैदान शोधत राहिला.
नुसत्या टाक्या. निळ्या, काळ्या, परत निळ्या.

बांधाबांधीत मी पुन्हा सिस्टर झाले.
सुऱ्या टॉवेलात, वर दोरा.
फिनाईल तांदळाच्या जवळपाससुद्धा नको.
रेग्युलेटर काढला, सिलिंडर उभा, वेगळा.
औषधं, मार्कशीटा, घराचे कागद माझ्या खांद्याला.
खोक्यांवर शाल्मलीचं अक्षर:
‘स्वयंपाकघर, फुटेल’.
‘बाबांच्या वायरी, कशाच्या कुणास ठाऊक’.
एकावर नुसतं ‘उघडू नका’.
उचललं तर हलकं लागलं.
मी उघडलं नाही. हे इथे लिहून ठेवते,
कारण मला उघडायचं होतं.

फेरीबोटीवर टेम्पो चढवण्याआधी
बाबुसोने आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं.
गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकाला फणसाचा ठोकळा.
माणसां वेगळीं, सामान वेगळें, तो म्हणाला,
बुडलें जाल्यार एकच बुडूं.
ह्यांना हसू आलं. मला पटलं.

धक्क्यावर मेल्विन उभा होता
सोहनचे हातमोजे घालून.
आजवर तो पुढे खेळायचा, आता मागे उभा राहणार.
निरोप वगैरे कुणी घेतला नाही.
बोट कातरली, काठाची खारफुटी मागे सरली,
तेव्हा सोहनने कठड्यावरून
नसलेला चेंडू जोरात फेकला.
मेल्विन डावीकडे झेपावला,
सिमेंटवर, मूर्ख पोरगा,
आणि काहीही न सोडता
तो छातीशी धरून पडून राहिला.
कोपर सोललं असणार.
माझ्या पिशवीत पट्टी होती. मध्ये पाणी.

नव्या घरी फ्रीज चार तास बंद ठेवला,
उभा करून, त्याचा गॅस बसायला.
कुणीतरी चहाचे कप शोधत होतं.
शाल्मलीने फ्रीजच्या दारावर एक कागद लावला:
फोंड्याहून पहिली बस, शेवटची बस,
रायबंदरहून फेरी.
कागद मोठा, चुंबक एक, खालची कड उडत होती.
मी खोक्यातून दुसरं शोधून दिलं.